मागचे दोन टायर

माणसाची पारख त्याच्या टायरवरून करता येते असं छातीठोकपणे मानणारा आणि आयुष्यभर तशीच पारख करत आलेला एकच माणूस मी पाहिला, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा निघाला. आमचे दाजी. धरणाच्या कामावर डंपरची चाकं बदलता बदलता ते हा धंदा शिकले आणि मग भोरमधून बाहेर पडणाऱ्या रस्त्याला एका पत्र्याच्या शेडमध्ये तीस वर्षं बसले. कोणी ओळखीचा आला की ते आधी त्याच्या गाडीच्या चाकांकडे बघत, मग चेहऱ्याकडे, आणि दोन्हींत तफावत आढळली तर विश्वास चाकांवर ठेवत. माझ्या मुलीला बघायला एक स्थळ आलं होतं. मुलगा इंजिनिअर, घर चांगलं, पोह्यांच्या बशा फिरत होत्या आणि दाजी कुठं दिसेनात. बाहेर जाऊन बघतो तर हे मुलाच्या मोटारीपुढे उकिडवे बसलेले. "पाव्हणं," मला म्हणाले, "डाव्या अंगाचं टायर आतल्या बाजूनं पार झिजलंय. गाडी वरीसभर एका बाजूला वडतीया आन ह्याला पत्ता न्हाई. उद्या बायकुच्या मनात काय हाय ते काय कळायचं ह्याला?" स्थळ आम्ही नाकारलं. कारण पत्रिकेचं सांगितलं, पण खरं कारण डावं टायर होतं. गावातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या अंत्ययात्रेला शववाहिका आली, तेव्हा सगळे डोळे पुसत असताना दाजींनी ड्रायव्हरला बाजूला घेऊन मागच्या चाकात हवा भरायला लावली. पंधरा मिनिटं प्रेत आणि नातेवाईक दोघंही थांबले. "माणूस जलमभर खड्ड्यातनं गेला," दाजी म्हणाले, "आता तरी नीट जाऊ द्या."

दुकानात तर ते टायर विकत नसत, मुलगी द्यावी तसे देत. गिऱ्हाईक आलं की त्याला स्टुलावर बसवून चौकशी सुरू. गाडी कुठं चालवतोस, मागं कोण बसतं, बायको की सिमेंटची गोणी, घरापर्यंत डांबर आहे की मुरूम, ब्रेक दाबायची सवय कशी. किकवीचा एक दूधवाला मोटारसायकलला भलंथोरलं जाड टायर मागायला आला. दाजींनी कॅन किती लावतोस विचारलं, दोन्ही बाजूंना सारखे लावतोस का विचारलं, आणि शेवटी त्याला टायर न देता कॅन बांधायची दोरी बदलून दिली. तो चिडून गेला आणि महिन्याभरानं पेढे घेऊन आला. रोज निदान एक माणूस त्या शेडमधून रुसून बाहेर पडायचाच. स्वतःच्या मोटारसायकलची सीट फाटून तिच्यातला काथ्या बाहेर लोंबत होता, आरसे कधीच गळून पडले होते, पण टायर मात्र काल बसवल्यासारखे. अक्का वैतागायची. "नवरा केला का पंप केला म्या?" असं ती चारचौघांत विचारायची, आणि दाजी गंभीरपणे म्हणायचे, "पंप कामाला येतो."

मी भोरच्या कॉलेजात कारकून. संध्याकाळी सुटल्यावर त्यांच्या शेडमध्ये तासभर बसणं हा माझा वीस वर्षांचा रिवाज. त्यांच्याइतकं मला दुसऱ्या कोणी हसवलेलं नाही. म्हणून पुढचं सांगताना जीभ जड होते.

आमच्या धाकट्या भावानं वेल्ह्याच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी, आमच्या वाट्याच्या जमिनीत पर्यटकांसाठी जागा काढली. चार तंबू, चुलीवरचं जेवण आणि एक एटीव्ही. शर्यतीत पळवतात तसली, बुटकी, चार फुगीर चाकांची गाडी त्यानं कुठूनशी जुनी आणली होती. दाजींनी ती पहिल्यांदा बघितली तेव्हा कमरेवर हात ठेवून म्हणाले, "हे काय? मोटारसायकलनं रिक्षा गिळली का काय?" मग खाली वाकले, आणि जे वाकले ते दुपारच्या जेवणालाच उठले. गाडीवर त्यांचा जीव जडला होता. पण मागचे दोन्ही टायर गुळगुळीत झालेले, ते बदलायलाच हवे होते.

पुढचे दोन रविवार दाजींनी त्या टायरांपायी घालवले. टायरच्या कडेवरचे आकडे वहीत उतरवून घेतले, आम्हां दोघा भावांना उभं करून शिकवले. पहिला आकडा उंचीचा, दुसरा रुंदीचा, तिसरा आतल्या रिमचा. पुढची चाकं अरुंद, मागची रुंद आणि थोडी बुटकी, आणि त्यात बदल करायचा नाही. हवा इतकी थोडी की नेहमीच्या मीटरचा काटा जागचा हलेना, म्हणून ते पुण्याला जाऊन खास कमी दाबाचा मीटर घेऊन आले. "बोटानं दाबलं तर टायर लाजलं पायजे," म्हणाले. गाडी ज्या वाटेवर फिरायची ती सगळी वाट त्यांनी पायी तुडवली, जागोजागी खाली बसले, मूठभर मुरूम खिशात घातला आणि घरी नेऊन अक्काच्या ताटात पसरून बघितला. मग निकाल दिला. जमीन कडक आहे, मुरूम आणि कातळ, चिखल नावाला नाही. तेव्हा बारीक, दाट दात असलेले टायर, मूळच्याच मापाचे. कंपनी, माप, हवा, सगळं त्यांनी एका कागदावर लिहून धाकट्याच्या हातात दिलं.

धाकट्यानं मागवले ते वेगळेच. मोबाईलवर बघून, मूळ मापापेक्षा उंच, आणि रबराचे दात असे की बोटाचं पेर आत जावं. खोका दुकानात उघडला तेव्हा मी तिथंच होतो.

दाजींनी टायरवरून हात फिरवला. "लई चांगलं टायर हाय," ते म्हणाले. "कोकणातल्या भातखाचरात घाल. हितं न्हाई."

"दाजी, दिसायला पाहिजे ना काहीतरी," धाकटा म्हणाला. "माणसं फोटो काढायला येतात. ते तुमचं बारीक नक्षीचं टायर फोटोत म्हाताऱ्या माणसाच्या चपलेसारखं दिसतं."

"ऐक. ह्या गाडीची मागची दोनी चाकं एकाच दांडीवर हायती. वळताना मागचं चाक जरासं घसरलंच पायजे, तवा गाडी वळती. हे दात घसरायचं न्हाईत, भुई धरून बसतील. त्यात तू गाडी उंच केली. उतारावर वळवलीस तर कलंडंल."

"सगळीकडं हेच टायर वापरतात."

"मंग सगळीकडं जाऊन बसवून घे."

तो गेला खरा, पण कुणालाच ते नीट जमेना. त्या टायरची कड फार ताठ असते, रिमवर चढता चढत नाही. शनिवार-रविवारची माणसं ठरलेली होती. धाकटा माझ्याकडे आला, आणि मी दाजींकडे गेलो. घरातलं माणूस असून अडवणूक करता असं दिसतं, असं मी म्हणालो. तो चुकला तर त्याचं त्याला कळेल, असंही म्हणालो. आणि शेवटी, ज्याची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते ते वाक्य बोललो, "दाजी, माझ्यासाठी करा."

दाजींनी हातातलं काम खाली ठेवलं. मग उठून साबणाचं पाणी करायला घेतलं. तीस वर्षांत नको वाटलेलं टायर त्यांनी कधी बसवलं नव्हतं, ते त्या दिवशी बसवलं. रिमचा गंज घासून काढला, फिरण्याच्या दिशेचा बाण दोनदा तपासला, टॉमीची लोखंडी पट्टी घालून कड उचलली, आणि हवा भरताना कड जागेवर बसल्याचा टप्प असा आवाज झाला तेव्हा नेहमीसारखे हसले नाहीत. नट समोरासमोरचे एकेक करून आवळले. काम इतकं नेटकं होतं की बघत राहावं. शेवटी हात पुसत आम्हां दोघांना म्हणाले, "सपाटीवर गोल फिरवा. उताराला न्यायची न्हाई. कोणालाच न्हाई." परत एकदा तेच म्हणाले. धाकट्यानं मान हलवली. मीही हलवली.

दुसऱ्या रविवारी सकाळी पुण्याहून आलेल्या एका तरुणाला धाकट्यानं उताराला जाऊ दिलं. वळणावर गाडी उलटली. तरुणाचा हात दोन ठिकाणी मोडला, खांदा निखळला. डोकं वाचलं, एवढंच नशीब.

दुपारी त्याचे वडील आले. सभ्य माणूस, पण संतापलेले. त्यांनी तंबूपुढं उभं राहून विचारलं, "टायर नवीन दिसतायत. कोणी बसवले?"

धाकट्यानं क्षणाचाही वेळ घेतला नाही. "आमच्या दाजींनी. भोरमधले सगळ्यात जुने मिस्त्री आहेत."

मी शेजारी उभा होतो. माझ्या हातात त्या वडिलांसाठी आणलेला पाण्याचा तांब्या होता. मी तो पुढे केला, त्यांनी घेतला नाही. दाजींना फोन करून बोलावून घेतलं. ते मोटारसायकलवरून आले, उलटलेल्या गाडीकडे एकदा बघितलं, आणि त्या गृहस्थांनी आमच्या देखत, चार पर्यटकांच्या देखत, त्यांना विचारलं, "अहो, टायरमधलं कळत नाही तर कशाला हात लावता?"

दाजींनी धाकट्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. ते थांबले. एखाद्याला बोलायला सवड द्यावी तेवढे थांबले. मी उलटलेल्या गाडीच्या टायरमध्ये अडकलेला मुरूम बघत होतो.

"माजी चूक झाली," दाजी म्हणाले. "बसवायला नको व्हतं म्या."

लोक म्हणतात त्यांचं दुकान त्या अपघातानं बसलं. खोटं आहे. गिऱ्हाईक येत होतं, दाजीच ते परत पाठवू लागले. "माजा अंदाज चुकतो आता," असं सांगायचे, आणि ज्याला ते सांगत त्याला ती थट्टा वाटायची. मीही शेडकडे जायचं सोडलं, घरी जायला दुसरी गल्ली धरली. पावसाळ्याआधी त्यांनी शेड दुसऱ्याला दिलं आणि अक्काला घेऊन हिर्डोशीला, मूळ गावी निघून गेले. धाकट्याची जागा मात्र चालली, आज तर शनिवारी तिथं जागा मिळत नाही. एटीव्हीचे टायर त्यानं बदलले. कोणते आणले, ते मी मुद्दाम जाऊन वाकून बघितलं. बारीक दातांचे, मूळ मापाचे, दाजींच्या कागदावरच्याच कंपनीचे. त्यानं तो कागद जपून ठेवला होता. आजवर गाडी एकदाही उलटलेली नाही, आणि लोक त्याला विचारतात, टायरमधलं तुम्हाला एवढं कसं कळतं. तो हसतो.

मला ते हसू सहन होईना. मी त्या तरुणाच्या वडिलांचा नंबर शोधून त्यांना फोन केला आणि घडलं ते सगळं सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "मुलाचा हात बरा झालाय. आता हे मला का सांगताय?" धाकट्याच्या कानावर ते गेलं आणि त्यानं माझ्याशी बोलणं टाकलं. एवढं सगळं करून कोणाचंच काही भलं झालं नव्हतं. तरी त्या फोनचं सांगायला मी हिर्डोशीला गेलो.

अक्कानं पाणी दिलं, बस म्हणाली नाही. दाजी नाचणीच्या वावरात होते. मला बघून बांधावर आले. मी फोनचं सांगितलं.

"कशाला त्यांना तरास दिला?" दाजी म्हणाले.

"दाजी, त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं."

ते म्हणतील, जाऊ द्या पाव्हणं, असं मला आतून वाटत होतं. त्यासाठीच मी आलो होतो.

"व्हय," ते म्हणाले. "बोलाय पायजे व्हतं."

पायाचा चिखल त्यांनी बांधाच्या दगडाला घासला. वर डोंगरावर ढग उतरत होते. मी निघालो तेव्हा तेही निघाले, एसटीच्या थांब्यापर्यंत, अर्धा कोस, माझ्या एक पाऊल पुढं. थांबा म्हणजे मोरीचा कठडा. आम्ही त्यावर बसलो. त्यांनी बंडीच्या खिशातून भाजलेल्या शेंगा काढल्या, निम्म्या माझ्या तळहातावर ठेवल्या आणि उरलेल्या स्वतः सोलत बसले. माझ्याकडे बघितलं नाही, पण उठूनही गेले नाहीत. एसटीची वेळ होऊन गेली होती. ती अजून उशिरा यावी असं मला वाटत राहिलं, आणि मी एकेक शेंग जितकी सावकाश सोलता येईल तितकी सावकाश सोलत राहिलो.