आईच्या चष्म्याची डबी

सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी मला समजावत बसायला नको... मी गणिताची मास्तरीण आहे. भुतंखेतं, आत्मे, स्वप्नात येऊन कुणी काही सांगणं, यातल्या कशावरच माझा विश्वास नव्हता आणि खरं म्हणजे आजही नाही. उज्जैनमध्ये लहानाची मोठी होऊनसुद्धा नाही. आमच्या गावात ज्याला त्याला कुठल्या ना कुठल्या घाटावर काहीतरी दिसलेलं असतं. अशा गोष्टी ऐकून मी फिदीफिदी हसायची आणि आई मला दटावायची, "हसू नको गं. त्यांना दिसलं तर दिसलं, तुझं काय जातं?" हा अनुभव त्याच आईचा आहे. म्हणजे ती गेल्यानंतरचा.

नव्वदच्या दशकातल्या मधल्या वर्षांतली गोष्ट. आमचं घर फ्रीगंजमध्ये, घड्याळाच्या टॉवरपासून पायी जाण्याच्या अंतरावर. बाबा तिथल्याच एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे. नोकरीची शेवटची वर्षं त्यांनी एका पुस्तकात घातली. विषय भारदस्त होता - उच्च शिक्षण, त्यानं घराघरातली कमाई कशी बदलते, समाज कसा बदलतो, आणि माणसांच्या तब्येतीवर त्याचा काय परिणाम होतो. पुस्तक हिंदीत, कारण विद्यार्थी हिंदी माध्यमाचे. घरात आम्ही त्याला नुसतं 'ग्रंथ' म्हणायचो. "ग्रंथ जेवला का?" असं आई विचारायची, म्हणजे बाबा जेवायला येताहेत का.

पुस्तक छापणार होते गुप्ताजी. त्यांचं दुकान आणि छापखाना जवळच होता. नुकतेच त्यांनी कॉम्प्युटर घेतले होते, आणि गंमत अशी की शिशाच्या खिळ्यांनी छापायच्या काळापेक्षा प्रूफात चुका जास्तच येऊ लागल्या होत्या. त्यामुळे आमच्या घरी प्रूफं जुन्या पद्धतीनंच तपासली जायची - जोडीनं. एकानं मूळ हस्तलिखित मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं छापील प्रूफावर बोट ठेवून ऐकायचं. वाचायची आई, ऐकायचे बाबा. खिडकीजवळ सागवानी टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या, आणि उन्हाळा असला तरी कूलर बंद, कारण कूलरच्या घरघरीत आईचा आवाज बुडून जायचा.

वाचताना विरामचिन्हंसुद्धा सांगावी लागतात. आईला त्याचा कंटाळा. "सारखं अल्पविराम, पूर्णविराम म्हणत बसले तर मला अर्थ काय डोंबल कळणार?" असं म्हणून तिनं स्वतःची पद्धत काढली. तिच्या चष्म्याची पत्र्याची डबी होती, निळा रंग उडालेली. ती टेबलावर आपटायची. स्वल्पविरामाला एकदा, वाक्य संपलं की दोनदा. आणि तीनदा आपटली की बाबांच्या कपाळाला आठी पडायची. कारण तीनदा म्हणजे - थांबा, हे मला पटलेलं नाही.

एकदा बाबांनी लिहिलं होतं की गॅस आल्यापासून बायकांचा वेळ वाचला. टक टक टक. "अहो, वाचला कुठे? तोच वेळ आता पोरांच्या होमवर्कला जाऊन राहिलाय." बाबा कुरकुरले, पण वाक्य बदललं. आई मॅट्रिक होती. बाबा हस्तलिखित कुणाला आधी दाखवत नसत, त्यामुळे तिला जे काही म्हणायचं असे ते प्रूफाच्या टेबलावरच. बाबा म्हणायचे, "युनिव्हर्सिटीचे रेफ्री परवडले, ही डबी नको." पण ही डबी वाजल्याशिवाय त्यांचंही पान पुढे सरकत नसे, हे आम्हाला माहीत होतं.

शिक्षण झालं, कमाई झाली, समाज झाला. आरोग्याच्या प्रकरणाची प्रूफं यायची होती, आणि दिवाळीच्या आधी आई स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली.

इंदूरला नेलं. मी देवासहून - माझं सासर देवासचं - सरळ तिथेच पोचले. डॉक्टरांनी आईकडे बघून विचारलं, "कब से तकलीफ है, माताजी?" बाबा म्हणाले, "बस, दो-चार दिन से कमज़ोरी है." आई भिंतीकडे बघत राहिली. मग तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी बाबांना बाहेर बोलावून सांगितलं की गर्भाशयाचं आहे, फार पसरलंय, आणि हे दोन-चार दिवसांचं नाही.

नव्हतंच. आमच्या शेजारच्या पाटणकर काकूंना सगळं ठाऊक होतं. आईला वर्षाहून जास्त दिवस अंगावरून जात होतं, पोटात दुखायचं. काकू दवाखान्यात चल म्हणाल्या, तर आई म्हणाली, "यांचं पुस्तक होऊन जाऊ दे, मग दाखवीन. आत्ता कुठे झंझट." आणि दुखणं अंगावर काढत ती टेबलाशी बसून त्यांना मोठमोठ्यानं वाचून दाखवत राहिली. संक्रांत होऊन गेली आणि आई गेली.

रामघाटावर अस्थी सोडताना बाबांनी खिशातून ती निळी डबी काढली, आत चष्मा तसाच. गुरुजी काही म्हणायच्या आत त्यांनी ती शिप्रेत सोडली. मी त्यांच्या शेजारी उभी होते. डबी बुडताना मी माझ्या डोळ्यांनी बघितली आहे. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे त्याचं काम आहे.

आरोग्याच्या प्रकरणाची प्रूफं फाल्गुनात आली आणि टेबलावर पडून राहिली. बाबा त्यांना हात लावेनात. कॉलेजातून यायचे, खुर्चीत बसायचे, समोरच्या खुर्चीकडे बघायचे. जेवायचे नाहीत धड. शाळेला सुट्टी लागल्यावर मी माहेरी राहायला आले तेव्हा गुप्ताजी घरी येऊन बसलेले. माणूस वाईट नव्हता, पण धंद्यातला होता.

"सर, सच बोलूं? अब ऐसी किताबें उठती नहीं. सबको गाइड चाहिए, कॉम्प्युटर की किताब चाहिए. आपका तो मैं दिल से छाप रहा हूं. पर ये आख़िरी प्रूफ़ इसी महीने दे दो, नहीं तो फिर रह जाएगा."

"रहने दो," बाबा म्हणाले.

गुप्ताजींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "हम दे देंगे." ते गेल्यावर बाबा माझ्यावर चिडले नाहीत, हेच मला जास्त लागलं. मला भीती वाटायला लागली होती. पुस्तक गेलं असतं तर त्यांना सकाळी उठायला काही कारण उरलं नसतं, आणि आईनं ज्याच्यापायी जीव घालवला ते रद्दीत जमा झालं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कूलर बंद केला, हस्तलिखित घेतलं आणि आईच्या खुर्चीत बसले. "बाबा, प्रूफ धरा." ते मुकाट्यानं समोर येऊन बसले. मी वाचायला लागले.

पहिली काही वाक्यं मी 'अल्पविराम', 'पूर्णविराम' म्हणत गेले. मग कधी तरी लक्षात आलं की मी ते म्हणायचं सोडून दिलंय, कारण गरजच पडत नव्हती. वाक्याच्या मध्ये एकदा, शेवटी दोनदा, बरोबर टकटक होत होती. मला वाटलं, बाबा पेन्सिलीनं करताहेत, आईची सवय. बरं वाटलं... माणूस निदान कामाला लागला. मी मान वर न करता वाचत राहिले. आवाज ओळखीचा होता. पत्र्याचा, जरासा पोकळ.

पानांमागून पानं झाली. मग हे वाक्य आलं - "शिक्षित परिवारों में स्त्री की बीमारी छिपती नहीं, वह समय रहते डॉक्टर तक पहुंच जाती है।"

टक टक टक.

मी थांबले. बाबाही थांबले. "काय झालं?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच थांबवलंत ना?"

"मी कुठे? तू करते आहेस ना टकटक मघापासून?"

माझे दोन्ही हात हस्तलिखितावर होते. त्यांचा उजवा हात पेन्सिलीसकट गालाला टेकलेला, डावा प्रूफावर. टेबलावर कागदांशिवाय काहीच नव्हतं. आम्ही एकमेकांच्या हातांकडे बघत बसलो. मग मी उठले आणि मला सुचेल ते सगळं केलं. खिडकीची फळी हलवून बघितली, टेबलाचा ड्रॉवर काढला, टेबलाखाली वाकले, पंखा बंद केला. गच्चीवर जाऊन आले, शेजारी कुठे सुताराचं काम चाललंय का म्हणून गल्लीत डोकावले. गल्ली उन्हानं ओस पडलेली, एका ऑटोत ऑटोवाला पाय वर करून झोपलेला.

परत आले तर बाबा तिथेच होते. म्हणाले, "ते वाक्य परत वाच."

मी वाचलं. वाक्य संपलं आणि पुन्हा तोच आवाज आला, तीन वेळा, सावकाश. या वेळी मी टेबलाकडे टक लावून बघत होते. काही हललं नाही.

बाबा घाबरलेले दिसले नाहीत. म्हणाले, "तिला पटत नाहीये."

मग ते बोलायला लागले, माझ्याशी की समोरच्या खुर्चीशी ते मला कळलं नाही. या प्रकरणासाठी त्यांच्या विद्यार्थ्यांनी घरोघर जाऊन माहिती गोळा केली होती. भैरवगढला कापड छापणाऱ्यांच्या वस्तीत पोरं गेली तेव्हा बायका ओली कापडं वाळत घालता घालता स्वतःच उत्तरं देत होत्या - काय दुखतं, किती दिवस, कुणाला सांगितलं नाही. तिथली दुखणी कागदावर आली. फ्रीगंजच्या आणि प्रोफेसर लोकांच्या घरी मात्र बेल वाजवली की साहेब दार उघडायचे. पोरं ड्रॉइंगरूममध्ये बसायची, साहेब सोफ्यावर बसून सांगायचे की घरात सगळं ठीक आहे, आणि बाईसाहेब आतून पोहे आणायच्या. त्यांना कुणी विचारलंच नाही. पोरांना वाटलं, सर स्वतः सांगताहेत तर अजून काय पाहिजे.

"आपल्याकडे पण आली होती पोरं," बाबा म्हणाले. "पहिलं घर आपलंच. सरावासाठी म्हणून मीच बोलावलं होतं. मी सांगितलं, मिसेस की तबीयत एकदम बढ़िया है. ती तिथे ट्रे घेऊन उभी होती."

ते रडायला लागले. बाबांना रडताना मी घाटावरसुद्धा बघितलं नव्हतं. मी उठून त्यांच्या पाठीवर हात ठेवला, दुसरं काय करणार.

ऊन उतरायला लागलं तेव्हा त्यांनी डोळे पुसले आणि प्रूफावरचं ते वाक्य आडवी रेघ मारून काढून टाकलं. त्याच्या आधारानं पुढे जो निष्कर्ष होता तो परिच्छेदही काढला. सगळ्या ग्रंथाचा तोच कळस होता - शिक्षण आलं की आरोग्य येतं. मी म्हटलं, "बाबा, मग राहिलं काय प्रकरणात?" त्यांनी समासात बारीक अक्षरात लिहिलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. "वाच. मोठ्यानं."

"शिक्षित परिवारों के विषय में हम कुछ नहीं कह सकते। वहां हमने स्त्रियों से पूछा ही नहीं।"

पहिल्या वाक्यानंतर दोनदा टकटक झाली. दुसऱ्या वाक्यानंतर दोनदा.

बाबांनी पेन्सिल खाली ठेवली. थोडं पुढे वाकून, घरात दुसरं कुणी नसताना ते आईशी ज्या आवाजात बोलत असतील त्या आवाजात त्यांनी विचारलं, "कुसुम... कधीपासून दुखत होतं गं तुला?"

आम्ही दोघंही ऐकत बसलो. गल्लीत ऑटो सुरू झाला आणि निघून गेला. दिवेलागणी झाली तरी मी दिवा लावला नाही, कूलर लावला नाही, कारण बाबा अजून ऐकत होते. टेबलावरून काहीच आवाज आला नाही.

त्यानंतर कधीच आला नाही. उरलेली पानं आम्ही दोघांनी विरामचिन्हं तोंडानं म्हणत वाचली. गुप्ताजींनी शब्द पाळला, पुस्तक निघालं. एका समीक्षकानं लिहिलं की शेवटचं प्रकरण अपुरं वाटतं. बाबांनी ते वाचून मान डोलावली. कॉलेजच्या लायब्ररीत प्रती होत्या, बहुतेक कोऱ्याच राहिल्या. बाबांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

ज्यांना मी हे सांगितलं त्यांनी नाना कारणं दिली. उन्हानं लाकूड वाजतं म्हणाले, दुःखात दोघांना एकच भास होऊ शकतो म्हणाले. मी सगळी तपासून बघितली आहेत. लाकूड वाजतं, पण वाक्य संपल्यावर नाही. मला कारण माहीत नाही, आणि आता मी ते शोधतही नाही.

ते टेबल आता माझ्याकडे देवासला आहे, मी त्यावर वह्या तपासते. बाबा शेवटी शेवटी माझ्याकडेच राहायला होते आणि रोज दुपारी त्या टेबलाशी येऊन बसायचे. मी काही विचारायची नाही. पण चहाचा कप ठेवायला गेले की कूलर बंद केलेला असायचा.