शंकुण्णि मारारांच्या छातीतला मेळ

शंकुण्णि मारार खोटं बोलायचे, पण अगदी तालात. गेल्या पूरमच्या उत्सवात खांद्याला अडकवलेला चेंडा ढोल वाजवताना डोळ्यांपुढं अंधारी आली, तर म्हणाले, "हत्तीनं शेपूट मारलं." देवळाच्या पायरीवर घेरी येऊन बसले, तर म्हणाले, "पायरीच वाकडी बांधलीय." शेवटी घरच्या विहिरीपाशी आडवे झाले, तेव्हा मात्र आसपास ना हत्ती होता ना पायरी. बायकोनं, देवकीनं, त्यांचं काही ऐकून न घेता रिक्षा बोलावली आणि त्यांना थेट त्रिशूरच्या इस्पितळात नेलं. तिथं त्यांच्या बहिणीची मुलगी रुग्मिणी हृदयाची डॉक्टर होती.

उभा जन्म हा माणूस मेळाचा म्होरक्या. शंभरभर वादक त्याच्या काठीकडं बघून वाजवणार आणि तो एकाचंही तोंडभरून कौतुक करणार नाही. सर्वांत जास्त बोलणी खायचा तो शेजारी उभा राहणारा ईच्चर मारार. "ईच्चराचा हात म्हणजे नवी सून. सांगितल्याशिवाय हलत नाही," हे तर सगळ्या गावाला पाठ झालं होतं. आता पूरम पुन्हा तोंडावर आलं होतं. आपण खाटेवर पडलो की ईच्चर जागा बळकावणार, याची मारारांना पक्की खात्री होती.

इस्पितळात त्यांच्या छातीवर तारा चिकटवल्या. पहिला कागद निघाला तो नुसता गिचमिड, कारण मारारांची बोटं मांडीवर जोरात ताल धरून बसली होती.

"मामा, बोटं स्वस्थ ठेवा."

"मी कुठं वाजवतोय? तीच वाजवताहेत."

रुग्मिणीनं त्यांचे दोन्ही हात पाठीखाली दाबून ठेवायला लावले. यंत्र टिकटिक करू लागलं, तसे मारार कान देऊन ऐकू लागले. ठोका, ठोका, ठोका, मग एक जागा रिकामी. पुन्हा तसंच. त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"कोण आहे रे हा आंधळा?" ते गरजले. "चला, परत पहिल्यापासून घ्या!"

"मामा, ते तुम्हीच आहात."

मग रुग्मिणीनं खाटेच्या कडेवर बसून समजावलं. हृदयाचा स्नायू म्हणजे बारीक तंतूंचं जाळं. प्रत्येक तंतूला फांद्या फुटलेल्या, टोकं शेजारच्या तंतूला घट्ट चिकटलेली आणि त्या सांध्यात इवली इवली दारं. एका तंतूत क्षाराचे कण शिरले की वीज उठते, दारातून शेजाऱ्याकडं जाते आणि बघता बघता सगळे एकदम आवळतात. वरच्या कप्प्यातले मूठभर तंतू पहिला इशारा देतात आणि तो खाली पोचायला एकच वाट असते.

"क्षार म्हणजे काय गं?"

"मीठच म्हणा ना."

"मग माझं मीठ बंद कुणी केलं? ऐकलंस का, देवकी? ताटातलं लोणचं काढून तूच माझं हृदय बंद पाडलंस!"

"मीठ भरपूर आहे तुमच्या अंगात," रुग्मिणी म्हणाली. "वाट खराब झालीय. वरून इशारा सुटतो, पण खाली कधी पोचतो, कधी नाही. एक दिवस पोचायचा थांबला, तर पूरम राहील बाजूला आणि आम्हाला तुमचे दिवस घालावे लागतील. कातडीखाली एक छोटी पेटी बसवू. ती ठोका देईल."

मारार ताडकन उठून बसले. दोन तारा निखळल्या. "माझ्या छातीत दुसऱ्याचा ताल? आणि मी त्याच्यामागं फरफटत जायचं? मरेन, पण ते होणार नाही."

"ती ताल धरत नाही, मामा. ती ऐकत राहते. तुमचा ठोका आला की गप्प. नाही आला, तर तेवढा एक मारते आणि पुन्हा गप्प. बाहेर कुणाला कळतसुद्धा नाही."

"कुणालाच नाही?" मारारांनी हळूच विचारलं. इतकं हळू ते लग्नानंतर कधी बोलले नव्हते, म्हणून देवकीनं त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

संध्याकाळी भेटीच्या वेळी ईच्चर केळी घेऊन आला आणि आपल्या आशानपुढं, म्हणजे गुरूपुढं, नेहमीसारखा दाराशीच उभा राहिला.

"ईच्चरा, पुढं ये. गेल्या पूरमला काळ बदलायचा, लय वाढवायचा इशारा मी दिला होता का?"

"तुम्हीच, आशान. आणखी कोण देणार?"

"खरं बोल."

ईच्चरनं केळी या हातातून त्या हातात घेतली. "तुमची काठी वर गेली आणि तिथंच राहिली. मग तेवढा ठोका मी मारला."

"आणि त्याआधी?"

"त्याआधीही. बरेच दिवस झाले."

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"बोललो असतो तर तुम्ही काठी खाली ठेवली असती, आशान. मग मी कुणाशेजारी उभं राहायचं?"

मारारांना रडू फुटलं. देवकीसमोर, नर्ससमोर, शेजारच्या खाटेवरच्या अनोळखी म्हाताऱ्यासमोर ते लहान मुलासारखे रडले. मग धोतराच्या सोग्यानं नाक पुसून त्यांनी रुग्मिणीला हाक मारली.

"बसव तुझी ती पेटी."

"बरं. डावीकडं बसवू, तशीच पद्धत आहे."

"डाव्या खांद्यावर चेंड्याचा पट्टा येतो. उजवीकडं बसव," मारार म्हणाले. "ईच्चर तिथंच उभा असतो."