न मानलेली पायरी

दुपारी चहा घेऊन मीराच्या खोलीत गेलो, तेव्हा ती पडद्यावरच्या एका ओळीखालच्या लाल रेघेकडे टक लावून बसली होती. मीरा माझी बायको, गणिताची प्राध्यापक. तिच्या सरांचं एक जुनं प्रमेय ती संगणकाकडून तपासून घेत होती. आधी ई हा स्थिरांक, त्याच्या डोक्यावर घात, त्या घातात संमिश्र संख्या, असं एकेक चिन्ह जोडत तिने पदावली उभी केली होती. पुढची पायरी मात्र संगणक मानायलाच तयार नव्हता.

"घात चढवला आणि लॉग घेऊन उतरवला, की पहिलीच संख्या परत मिळते, असं सरांनी धरलंय," ती म्हणाली. "पण संमिश्र संख्येत एक कोनही असतो. तो एक पूर्ण फेरी मारून आला, तर हाती येते ती वेगळीच संख्या. इतकी वर्षं हे कुणाला दिसलंच नाही रे."

आपणही कितीतरी गोष्टी अशाच धरून चालतो. सकाळी घराबाहेर पडलेलं माणूस संध्याकाळी तेच परत येतं, हे मी कधी तपासून पाहिलं होतं?

शेवटी तिने सरांना फोन लावला. सर आता थकलेत, आणि लोक त्यांना ओळखतात ते या प्रमेयामुळेच. तिने सगळं सांगितलं.

"म्हणजे पडलं का गं ते?" स्पीकरवर सरांचा आवाज आला.

"पडलं नाही, सर. कोनाला मर्यादा घातली तर टिकतं. आपल्याला वाटलं त्यापेक्षा लहान होतं, एवढंच."

"लहान चालेल," सर म्हणाले. "उद्या घरी ये. मला नीट दाखव."