बायकोला थांबवणारा सिनेमा

माझ्या बायकोने नोकरीसाठी दोन वर्षं परदेशी जाऊ नये, असं माझं ठाम मत होतं आणि ते मी कुणालाही सांगू शकत नव्हतो. आमच्या वर्तमानपत्रात स्त्रियांच्या नोकरीच्या बाजूने अग्रलेख लिहिणारा माणूस मीच होतो.

शैलजा हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. आमच्या कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये फ्रिजवर तिच्या विमानांच्या वेळा चिकटवलेल्या असत; ऋचाच्या शाळेचं वेळापत्रक त्याच्या खाली. आता कंपनीने तिला दोन वर्षं फ्रँकफर्टला बोलावलं होतं. उत्तर सोमवारी द्यायचं होतं.

"तुला काय वाटतं?" तिने विचारलं.

"निर्णय सर्वस्वी तुझा," मी म्हणालो. (हे अग्रलेखातलंच वाक्य.)

त्याच आठवड्यात एका मराठी कादंबरीवरचा सिनेमा लागला. कादंबरी मी वाचलेली होती. कामासाठी सतत फिरणारी इंजिनियर बाई, फोनवरच्या आवाजापुरती आई उरलेली तिची मुलगी. आणि शेवटी ती बाई विमानतळावर तिकीट फाडते, रिक्षा करते आणि घरी येते. मला तोंड उघडायची गरजच नव्हती! रविवारची चार तिकिटं काढली: शैलजा, अकरा वर्षांची ऋचा, माझी आई आणि मी.

"शेवट नीट बघ," मी अंधारात शैलजाला बजावलं.

"तुला माहितीये?"

"पुस्तक वाचलंय."

"मग सांगू नकोस."

मध्यंतरापर्यंत सगळं माझ्या बाजूने चाललं होतं. पडद्यावरची मुलगी गॅदरिंगमध्ये नाचता नाचता पहिल्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होती. शैलजाने डोळे पुसले. मी हळूच रुमाल पुढे केला. तो आईने घेतला.

"त्या नवऱ्याला साधा भात लावता येत नाही का रे?" आईने विचारलं. तीन रांगांना ऐकू गेलं.

"आई, हळू."

"हळू काय? बायको गेली की नुसता गॅलरीत उभा. कुकर लाव म्हणावं."

"आजी, बरोबर आहे तुमचं," मागून एक गृहस्थ म्हणाले.

"बाबांनाही येत नाही," ऋचाने त्यांना वळून सांगितलं. (माहिती अप्रस्तुत होती. अचूकही होती.)

अखेर विमानतळ आला. बाईच्या हातात तिकीट. आता फाडेल. बाईने नवऱ्याच्या हातात घराची किल्ली दिली आणि मागे वळूनही न बघता आत निघून गेली.

दिग्दर्शकाने शेवट बदलला होता!

टाळ्या पडल्या. सर्वांत मोठ्या आईच्या. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "पुस्तकात असं नाहीये."

"मग घरी जाऊन पुस्तक वाचा," मागचे गृहस्थ म्हणाले. "आणि आधी खाली बसा, नावं दिसत नाहीयेत."

पार्किंगमध्ये शैलजा माझ्याकडे रोखून बघत थांबली.

"मला थांबवायला आणलं होतंस?"

मी कादंबरीच्या रचनेबद्दल बोलू लागलो.

"'नाही येत' अशी मेल मी शुक्रवारीच लिहून ठेवलीये," ती म्हणाली. "उद्या पाठवणार होते."

"मग पाठव की!"

"तोंडाने एकदा 'थांब' म्हणाला असतास, तर आनंदाने थांबले असते. सिनेमा दाखवतोस? आता जाणार."

"जा गं तू," आई म्हणाली. "ह्याला कुकर मी शिकवते."

सोमवारी संपादकांनी त्या सिनेमाचं परीक्षण माझ्याच गळ्यात घातलं. मी निर्भीडपणे लिहिलं: 'शेवट अजिबात पटत नाही. अशी बायको प्रत्यक्षात कुठे असते?'

महिन्याभराने शैलजा सामान भरत होती. चपला गुंडाळायला तिला जुना पेपर हवा होता. आईने शोधून नेमकं ते पान दिलं. शैलजाने माझं परीक्षण पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचलं, "छान लिहिलंयस" म्हणाली, आणि त्यात चपला गुंडाळल्या.