चिंचेत विरघळलेलं नाक

साठ-एकसष्टच्या सुमारास आम्ही बंगलोरजवळ व्हाइटफील्डला एका अँग्लो-इंडियन विधवेच्या बंगल्यात, मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. त्यांना मी आंटी म्हणे. त्यांच्याकडे त्यांच्या आईचा एक इटालियन ब्रूच होता, कॅमिओ म्हणतात तसला. शंखाच्या तपकिरी कवचावर पांढऱ्या थरात कोरलेली ग्रीकांची एक तरुण देवी गरुडाला वाटीतून अमृत पाजत होती. चेहरा वाटाण्याएवढा, पण नाक इतकं रेखीव की बघत राहावं. आईचं नाक अस्संच होतं, असं आंटी सांगायच्या. आईचा फोटो त्यांच्याकडे नव्हता.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनला जाताना त्यांनी तो माझ्याकडे ठेवायला दिला. त्या घरी यायच्या आदल्या दिवशी मला नसती हौस आली. चांदीची चौकट काळी पडली होती, म्हणून समई-ताम्हनाबरोबर ब्रूचही चिंचेच्या कोळात टाकला आणि भाकऱ्यांच्या गडबडीत पार विसरले. देवघरातल्या शंखाला मी जन्मात कधी चिंच लावली नव्हती, पण त्या दिवशी अक्कल गहाण पडली होती. सकाळी बाहेर काढला तर चौकट लखलखीत आणि देवीला नाकच नाही. गरुडाची पिसंही गुळगुळीत.

आंटी डोळ्यांवर पट्टी बांधून आल्या. "स्वल्प थांब, मग सांग," नवरा म्हणाला. "त्यांना रडायची मनाई आहे. टाके सुटायचे."

"सरी," मी तिथल्या कानडीत होकार दिला. खरं तर मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याचीच मला आज जास्त लाज वाटते.

त्यांनी आल्या आल्या ब्रूच मागितला. बराच वेळ अंगठा फिरवत राहिल्या. "बोटंही गेली वाटतं माझी," त्या मोडक्या हिंदीत म्हणाल्या.

"वयानं होतं, आंटी," मी म्हटलं.

मग पट्टी सुटेपर्यंत त्या बोटं तपासत बसत. चमच्याच्या दांड्यावरची वेल, नाण्याची कड, माझ्या बांगडीची नक्षी. ते सगळं हाताला नीट लागे. मग पुन्हा ब्रूच घेत आणि चिडून अंगठा चोळत. मी समोर तांदूळ निवडत असे.

शेवटी चष्मा आला. ब्रूच खिडकीशी नेऊन त्यांनी निरखून पाहिला. तेव्हा मी सगळं सांगितलं, चिंचेसकट. त्या ओरडल्या नाहीत.

"नाक गेलं ते गेलं," त्या म्हणाल्या. "पण माझीच बोटं आईला विसरली, असं इतके दिवस मला वाटू दिलंस तू."