नळदुर्गची शर्यत आणि दाजींचा पटका

नळदुर्गला हौसेनं जाणाऱ्यानं पावसाळ्यात जावं. बोरी नदी किल्ल्याच्या बांधावरून उडी घेते ती तेव्हाच दिसते. मी गेलो हुरड्याच्या दिवसांत, आणि हौसेनं तर मुळीच नाही. अक्काचा सांगावा आला होता की खंडूची शर्यत आहे, मामा पाहिजे. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, जळकोटला दिलेली. खंडू तिचा एकुलता एक. मी सोलापुरात छापखान्यात खिळे जुळवतो. मालकांनी रजा देताना तोंड वाकडं केलं, मग म्हणाले, जातोयस तर येऊन चार पानं लिही, निजामाच्या मुलखात जायचं म्हणजे काय काय करावं लागतं ते लोकांना कळू दे. म्हणून हे लिहितोय. खुशीची गोष्ट वाचायला मिळेल असं समजून कुणी बसलं असेल तर त्यानं इथंच उठावं.

शर्यत कसली ते आधी सांगतो. माझे दाजी, गणपतराव, डाकेचे हरकारे. नळदुर्गच्या डाकखान्यातून थैला खांद्यावर घ्यायचा आणि घुंगरांची काठी वाजवत, पळत, आडवाटेच्या गावांना पोचवायचा. हयात त्यात गेली. आता गुडघे गेले. पूर्वी बापाची जागा पोराला आपसूक मिळायची. पण नवे मोहतमीम साहेब आले, म्हणजे डाकेचे मोठे अंमलदार, आणि त्यांनी हुकूम काढला की जागा पाहिजे त्यानं पळून दाखवावं. जळकोटहून नळदुर्ग, खांद्यावर वाळूचा थैला. पहिला येईल तो हरकारा. दाजींची जमीन नुसता मुरूम. जागा गेली की खंडूला गाव सोडून गिरणीत यावं लागणार, आणि म्हातारा-म्हातारी भिंतींकडं बघत बसणार. एवढं त्या शर्यतीवर होतं.

सोलापूरहून जाणारी मोटार सध्या पेट्रोलवर नाही, कोळशाच्या गॅसवर चालते. मागं भट्टी असते. चढ आला की उतारूंनी उतरायचं आणि ढकलायचं. तिकीट घेतलं म्हणून बसून जाऊ, असं समजू नका. माझी बैठक भट्टीजवळ होती, त्यामुळं नळदुर्ग येईपर्यंत मी निम्मा भाजून निघालो होतो. हद्दीवर करोडगिरीचा नाका लागतो. तिथं सगळ्यांची गाठोडी सोडून बघतात. अक्कासाठी घेतलेलं लुगडं नाक्यावरच्या शिपायानं उलगडलं, उन्हात धरलं, आणि घडी न घालता परत दिलं. नवं कापड नेणार असाल तर एकदा पाण्यातून काढून न्या, जकात वाचते. आपले कलदार रुपयेही तिथंच हाली, म्हणजे निजामाचे, करून घ्यावेत. पुढं हॉटेलवाला कलदार घेतो खरा, पण मोड देताना त्याचा हिशेब एकदम कच्चा होतो.

नळदुर्गला चहा आणि मिरचीची भजी खाल्ली. भजी चांगली होती, हे कबूल करतो. तिथून जळकोटला जाणाऱ्या एका बैलगाडीत जागा मिळाली. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंनी जोंधळा उभा, पाखरं हाकणाऱ्या बायांच्या आरोळ्या. गाडीवानानं कुणाकडं म्हणून विचारलं. सांगितल्यावर म्हणाला, खंडूच येणार पहिला, त्याच्या पायाला पाय लावणारा ह्या पट्ट्यात न्हाय. मला बरं वाटलं. त्या दिवसात बरं वाटलं ते तेवढंच.

घरी गेलो तर भांडण रंगात आलेलं. कारण काय, तर पटका. दाजींनी आपला ठेवणीतला गुलाबी पटका पेटीतून काढला होता, लांबच लांब, आणि पोरानं तो बांधून पळावं असा त्यांचा हट्ट. तोही साधा गुंडाळून नाही. पाठीवर शेमला, म्हणजे पटक्याचं मोकळं टोक, सोडलेला पाहिजे, कमरेपर्यंत. खंडू म्हणत होता, डोक्याला फडकं गुंडाळतो नि पळतो. अक्का दोघांच्या मधे भाकरी थापत बसली होती आणि भाकरीवरच राग काढत होती.

"पळायचंय का मिरवायचंय, आप्पा?" खंडूनं विचारलं.

"हरकाऱ्याला आधी बघत्यात," दाजी म्हणाले. "मग थैला बघत्यात. म्या उभ्या जन्मात डोकं उघडं ठिवून थैला पोचवला न्हाय."

मला राहवलं नाही. म्हणालो, दाजी, पळणाऱ्यानं पाय बघावेत की डोकं? माझी काळी टोपी देतो, हलकी आहे, ती घालू द्या. त्यावर दाजी माझ्या टोपीकडं असे बघायला लागले की मी ती काढून मांडीखाली सरकवली आणि लगेच पुन्हा डोक्यावर घातली. कारण आमच्याकडं डोकं उघडं कधी टाकतात हे लहान पोरालाही ठाऊक असतं. बाप गेला की लेक पटका उतरवतो, आणि तेराव्याला मामा नवा बांधतो तेव्हाच डोकं झाकलं जातं. एरवी झोपताना सोडून माणूस बोडका दिसत नाही. तेव्हा भांडण काही तुटलं नाही. अंबाडीची भाजी, भाकरी, शेंगांची चटणी असं जेवलो. खंडूनं पोटभर खाल्लं नाही, जड होतं म्हणाला.

पहाटे दाजींनी स्वतः पटका बांधला. खंडूला समोर उकिडवा बसवला, एक टोक अक्काला धरायला लावलं आणि पीळ देत देत बांधत गेले. म्हाताऱ्याची घडी एक चुकली नाही. शेमला सोडून त्यांनी पोराला उभं केलं, मागं सरकून बघितलं आणि नुसतं हुं म्हणाले. खंडू खरंच देखणा दिसत होता हो. नवरदेवच. अक्कानं त्याच्यावरून हात ओवाळून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. मग आम्ही तिघं गाडीनं नळदुर्गला निघालो. कारकून जळकोटला येऊन शर्यत सोडणार होता, आम्हाला शेवट बघायचा होता.

डाकखान्यासमोर लिंबाखाली माणसं जमली होती. साहेब खुर्चीवर बसलेले, शेरवानी, तुर्की टोपी, शेजारी त्यांचा पेशकार, म्हणजे लेखनिक, उभा. माणूस मवाळ दिसत होता. त्यांनी दाजींना ओळखलं, जवळ बोलावून गुडघ्यांची चौकशी केली. दाजी परत आले तेव्हा छाती पुढं काढून उभे राहिले. पोरगा येऊ दे, म्हणाले, मग बघा साहेब कसं बघतो ते.

ऊन चढलं. वाटेवर धूळ दिसली आणि गलका झाला. खंडू पुढं होता. मागचा भिडू कितीतरी मागं. पण खंडूच्या डोक्यावर काही नव्हतं. केस कपाळाला चिकटलेले, खांद्यावर थैला, पायांची लय जराही न मोडता तो आला आणि थैला साहेबांच्या पुढ्यात ठेवला. गलका थांबला. माझ्या बाजूला एक आंधळट म्हातारा डोळ्यांवर हात धरून उभा होता, त्यानं हळूच विचारलं, "कोण गेलं हो ह्याचं?"

दाजींनी ते ऐकलं. "म्या हाय की हितं," ते म्हणाले. म्हाताऱ्याला नाही, कुणालाच नाही. मग पुन्हा तेच म्हणाले.

काय झालं ते खंडूनं नंतर सांगितलं. अर्ध्या वाटेपर्यंत पटका नीट होता. मग वारा सुटला, शेमला पुढं आला, थैल्याच्या पट्ट्यात गुंतला. मान वळेना, डोळ्यांवर घड्या उतरल्या, मागचे पाय जवळ ऐकू यायला लागले. थांबून बांधायचा तर शर्यत गेली. त्यानं एका हिसक्यात अख्खा पटका उपसला आणि बाभळीवर फेकला. त्याला वाटलं, पहिला येणं महत्त्वाचं. हुकूमही तोच होता.

साहेब रागावले नाहीत. रागावले असते तर निदान भांडता आलं असतं. त्यांनी नजर दुसरीकडं केली, समोर बोडकं माणूस असलं की अंमलदार करतात तशी, आणि पेशकाराला म्हणाले, "लड़का दौड़ता ख़ूब है. मगर सरकारी थैला नंगे सर नहीं जाता." तेवढ्यात दुसरा आला, वाशीकडचा भीमा म्हणून कुणी. त्याच्या टोपीला नाडी होती आणि नाडीची गाठ हनुवटीखाली, तान्ह्या पोराला टोपडं बांधतात तशी. एरवी लोक हसून हसून लोळले असते. साहेबांनी त्याच्याकडं बघून मान हलवली. झालं. जागा भीमाला.

खंडू म्हणत राहिला, साहेब, थैला तर आणला की, वाळूचा कणही सांडला न्हाय. अक्कानं जमिनीवर पदर पसरला. मी माझ्या मोडक्या उर्दूत काहीबाही बोललो, पेशकारानं मला गप्प केलं. दाजी मात्र काही मागायला पुढं झाले नाहीत. त्यांनी आपली घुंगरांची काठी भिंतीला टेकवली, चपराशीचा पट्टा काढून तिच्यावर अडकवला आणि गाडीकडं चालू लागले. साहेबांनी खंडूला चहा पाजायला सांगितला होता. तो कुणी प्यायला नाही.

किल्ला मी बघितला नाही. पाणीमहाल बघण्यासारखा आहे असं सगळे सांगतात, तुम्ही बघा.

जळकोटला परतताना वाटेतल्या ओढ्यापुढच्या बाभळीवर पटका सापडला. काट्यांनी त्याच्या चिंध्या केल्या होत्या, तरी अक्कानं एकेक काटा सोडवून तो काढला. घरी आल्यावर तिनं फाटकी बाजू आत घेऊन घडी केली आणि माझ्या हातात दिली. म्हणाली, आता पोराला असं बोडकं किती वेळ ठेवायचं, तू मामा हायस, बांध. मी खंडूला समोर बसवलं आणि पहिला वेढा दिला.

दाजी दारात बसले होते, पाठ आमच्याकडं. "बांधा," ते म्हणाले. "तेराव्याला मामाच बांधतो."

माझा हात जागच्या जागी थांबला. खंडू मान खाली घालून तसाच बसला होता. अक्का तोंडात पदर कोंबून आत गेली. कुणीतरी ते पुरं करायलाच हवं होतं, म्हणून मी वेढे देत गेलो. शेमला सोडला नाही, तेवढं कापडच उरलं नव्हतं. त्यानंतर मी तिथं होतो तोवर दाजी लेकाशी बोलले नाहीत, त्यानं वाढलेलं जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मोटारीत माझ्या शेजारी खंडू होता, मांडीवर गाठोडं घेऊन. नाक्यावरच्या शिपायानं ते सोडून बघितलं. त्यात काहीच नव्हतं म्हणा.

आता मालक विचारतात, शेवटी काय लिहिलंस, पळणाऱ्यानं आपण दिसतो कसे ते बघावं की नाही? मी जाताना ठामपणे म्हणत होतो, नाही, पाय बघावेत. पटका नसता तर खंडू आज हरकारा असता, असं म्हणावं तर पटका नव्हता म्हणूनच तो हरकारा झाला नाही. दाजी खरे ठरले म्हणावं तर त्यांच्याच शेमल्यानं पोराचा गळा धरला. मी कितीही जुळवलं तरी ओळ बसत नाही. त्या भीमाची नाडी तेवढी डोळ्यांसमोर येते आणि माझा तिळपापड होतो.

खंडू आता माझ्याकडंच राहतो, गिरणीत जातो. तिथं यंत्राच्या पट्ट्यात कापड अडकतं म्हणून डोक्याला काही बांधू देत नाहीत. तरी घरून निघताना तो आरशापुढं बसून तोच फाटका पटका निगुतीनं बांधतो, तीन गल्ल्या चालतो आणि गिरणीच्या फाटकाशी काढून काखेत धरतो. बांधायला वेळ लागतो, मग उशीर होतो. भोंगा वाजला की गल्लीतली माणसं चपला हातात घेऊन धावत सुटतात, म्हातारीकोतारीसुद्धा. खंडू धावत नाही. मी एकदा गॅलरीतून ओरडलो, अरे पळ की, दार लावतील. तो थांबला, वर बघितलं आणि एक हात डोक्याला लावून म्हणाला, "नगं मामा. पळालं की सुटतो." आणि चालत गेला.