विड्यातली अफू

काकांचं दुखणं खरं होतं आणि व्यसनही तितकंच खरं होतं. माझ्या पुस्तकांत ही दोन प्रकरणं निरनिराळी होती. काका मात्र दोन्ही एकदम घेऊन रोज सकाळी दवाखान्यात येत. कालव्याच्या बांधावर बैलगाडी उलटून त्यांच्या कण्याला मार बसला होता. तेव्हा आधीच्या डॉक्टरांनी मॉर्फियाचं, म्हणजे अफूच्याच अर्काचं, इंजेक्शन सुरू केलं, ते पुढे सुटलंच नाही. काका म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ, तंजावरात राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीतले सर्वांत वडील. मद्रासहून डॉक्टर होऊन आल्यावर मी त्यांचा डोस हळूहळू उतरवायला घेतला. ते कुरकुरले नाहीत. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

एका दुपारी जेवायला घरी गेलो, तर काका निघाले होते आणि बायको त्यांच्यासाठी विडा लावत होती. पानाला चुना लावून तिनं वर काळं काहीतरी चिकटवलं. ते गेल्यावर मी विचारलं. पोरांच्या पोटदुखीसाठी ठेवलेली अफू, किंचितच घालते, म्हणाली. ते फार कळवळतात, आणि वडील माणसानं मागितल्यावर नाही कसं म्हणायचं? आमच्यात विड्यावाचून वडीलधाऱ्यांना निरोप देत नाहीत. आणि काका तर पंचांग सांगायला घरोघर जात. म्हणजे घरोघर असाच विडा मिळत असणार. हे आपण एकटेच देतो, असं प्रत्येक घराला वाटत असणार.

त्याच आठवड्यात काका विहिरीपाशी घसरून पडले. मी पिशवी घेऊन धावलो, तोवर लोकांनी त्यांना उचलून घरात निजवलं होतं. घामानं भिजून, ओठ चावत पडले होते. डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. पोटात किती अफू गेली होती, देव जाणे. वर पुरी सुई टोचली तर श्वास थांबायचा, न टोचावी तर डोळ्यांदेखत तडफडत राहायचे. जमलेल्या मंडळींना विचारलं तर सगळे खाली बघू लागले. वडीलधाऱ्याला अफू चारली, हे त्यांच्यासमोर कोण बोलणार? शेवटी सगळ्यांना बाहेर काढून मी दार लावलं.

“काका, आज किती घरचे विडे झाले?”

त्यांनी माझं मनगट धरलं. “खरं सांगितलं तर तू सुई देणार नाहीस. खोटं सांगितलं तर मी मरेन. आता तूच सांग बाळा, काय सांगू?”

मला रडू फुटलं. खरं सांगा, झेपेल तेवढं देईन आणि इथून हलणार नाही, असं मी त्यांना सांगितलं. मग त्यांनी एकेक घर सांगितलं. माझं घर शेवटी, तेही बायकोला बोलू नकोस असं बजावून.

नेहमीपेक्षा पुष्कळ कमी औषध भरलं, टोचलं आणि त्यांच्या छातीवर हात ठेवून बसून राहिलो. त्यांचा श्वास बाहेर गेला की पुढचा येईपर्यंत माझा अडकत होता. दिवेलागणीला विचारलं, दुखतंय का? नाही म्हणाले. तेवढं एक खोटं मी चालवून घेतलं.